मिटायचा नाही असा लॅपटॉप

विंडोज नको, लिनक्सच हवं, या हट्टापायी ओन्नोने अकरा महिने लॅपटॉप शोधला. शेवटी ब्रेमेनच्या जुन्या बाजारात तो मिळाला. त्यावर लिनक्स झकास चाललं. फक्त झाकण मिटलं की मेला असा झोपायचा, की पुन्हा उठायचं नाव नाही. म्हणून ओन्नो तो उघडाच, तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन ट्राममध्ये चढला.

"अहो, मिटा की ते! डोळ्यांवर उजेड येतोय," शेजारची म्हातारी खेकसली.

"मिटला तर गेला, आजी."

मागून एक दाढीवाला उठून आला. त्याच्याही दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप होता.

"किती दिवस झाले?" ओन्नोने हळूच विचारलं.

"सहा वर्षं. लग्नात अंगठीसुद्धा बायकोने स्वतःच घालून घेतली."