दोन डाव्या बाह्या

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी विषय निवडला होता स्टोइक तत्त्वज्ञान. थोडक्यात काय, तर जे आपल्या ताब्यात नाही त्यावर डोकं आपटायचं नाही. जे आहे त्याला भिडायचं. घरात सगळ्यांना मी हेच ऐकवत सुटले होते. दूध उतू गेलं तेव्हा आईलाही ऐकवलं. आईने करपलेलं पातेलं माझ्या ताब्यात दिलं.

बाबा शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. डोळ्याच्या आजारातून उठल्यावर त्यांनी पहिलं कापड बेतलं ते माझ्या स्पर्धेच्या काळ्या कोटाचं. आदल्या दिवशी शाळेतून आले तर मशीन बंद, बाबा स्टुलावर बसलेले. टेबलावर दोन बाह्या. दोन्ही डाव्या.

कापड जेमतेम होतं, म्हणून दुमडून न कापता त्यांनी एकेक बाही वेगळी कापली होती. सुलट बाजू किंचित चमकते, उलटी नाही, एवढाच फरक. तो त्यांना दिसलाच नव्हता, आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी कापड उलटं पडलं होतं.

"बास झालं," ते म्हणाले. "उद्यापासून दुकान बंद."

मी लगेच सुरू. झालं ते आपल्या ताब्यात नाही, वगैरे वगैरे. भाषणाचा पहिला परिच्छेद चढउतारांसकट म्हणून टाकला.

"तुझ्या त्या तत्त्वज्ञांपैकी कुणी कोट शिवलाय का गं, भाषणबाई?"

नाही, ते अंगाभोवती नुसतं कापड गुंडाळायचे, मी खरं तेच सांगितलं. आतल्या खोलीतून आई हसली. बाबा नाही. ते बाहीच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत होते. मी खाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचल्या.

मग विचारलं, "बाबा, बाह्याच नसल्या तर?"

"मग ते जाकीट." त्यांनी दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "बाहीच्या जागी, मुंढ्यांना आतून पट्टी लागेल. या बाह्यांतून निघेल म्हणा."

ते उठले. कात्री उचलली, आणि थांबले. कापड माझ्याकडे सरकवलं.

"सुलट कुठली, दाखव. आणि आता रोज शाळेतून आलीस की आधी हे दाखवायचं, मग तुझं भाषण."

मी दाखवली. त्यांनी उलट बाजूला खडूने ठसठशीत फुली मारली आणि कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी मी जाकीट घालून मंचावर गेले. हातांना गार वारा लागत होता. पहिल्या रांगेत बसून बाबा माझ्या मुंढ्यांची शिवण न्याहाळत होते. जुना पहिला परिच्छेद मी काढून टाकला होता. नवीन असा होता: माझ्या बाबांना काळ्या कापडाची सुलट बाजू दिसत नाही. म्हणून ते आधी विचारतात, आणि मग कापतात.