सोळा गुणांचा कॉम्प्युटर

पराग गवाणकरच्या घरात दोन पंखे होते. एक कॉम्प्युटरला वारा घालायला आणि दुसरा, पहिला बिघडलाच तर कॉम्प्युटरचे हाल नकोत म्हणून. पराग आणि त्याची आई मनोरमाबाई खिडकीजवळ बसत.

मीरा रोडच्या न्यू प्रभात सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहायचं. पराग हाटकेशच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात हिशेब बघायचा, पण ते पोटासाठी. बाजारात नवीन यंत्र आलं की त्याला बारीक ताप यायचा आणि ते यंत्र घरी आलं की उतरायचा. पेजर आला तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात घेतला. त्याला पेज करणारं कोणी नव्हतं. मग तो स्वतःच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन ऑपरेटरला सांगायचा, "परागला म्हणावं, अर्जंट घरी फोन कर." बूथच्या बाहेर पडेपर्यंत कमरेला पेजर थरथरायचा. पराग मेसेज वाचायचा, चेहरा गंभीर करायचा आणि परत आत जाऊन घरी फोन करायचा. मनोरमाबाई विचारायच्या, काय झालं रे? तो म्हणायचा, तेच बघतोय.

पण खरा जीव कॉम्प्युटरवर. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्याने ३८६ जोडला होता. त्या खोलीत चपला बाहेर काढायच्या, शिंक आली तर गॅलरीत जायचं आणि वाद घालायचा असेल तर तळमजल्यावर. येईल त्याला पराग एकच गोष्ट सांगायचा, माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत नाही.

सोसायटीने हे मनावर घेतलं, त्याला कारण गणपती. कुठल्या घराला कुठल्या दिवशीची आरती द्यायची यावरून दर वर्षी भांडणं व्हायची. एकदा तर निरांजन पाण्याच्या टाकीत गेलं होतं. परागने सगळी नावं कॉम्प्युटरला देऊन क्रम काढला. प्रिंटरने कर्र कर्र करत कागद बाहेर टाकला आणि सगळे गप्प झाले. समोरच्या घरातले सेक्रेटरी हरिश्चंद्र आरोलकर यांना विसर्जनाच्या आदल्या दिवशीची, कोणालाच नको असलेली आरती आली, तरी ते कागदाला नमस्कार करून गेले. त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरला 'ते' म्हणू लागले.

आरोलकरांची मुलगी उर्मिला टायपिंग शिकायला परागकडे येऊ लागली. सहा महिन्यांत ती कीबोर्डकडे न बघता टाइप करायला शिकली, कारण ती परागकडे बघायची. परागही कधीकधी स्क्रीनवरून नजर काढायचा. यापलीकडे त्याच्याकडून काय अपेक्षा करणार?

दोन्ही घरांना पसंत होतं. जात एक, मजला एक, वरातीला रिक्षासुद्धा नको. राहिली पत्रिका. मनोरमाबाई म्हणाल्या, भाईंदरच्या गुरुजींना दाखवू, ते चहा घेता घेता जुळवून देतात. हरिश्चंद्रकाकांनी कानाला हात लावला. घरात 'ते' असताना गुरुजी कशाला? शिवाय परागने पत्रिका जुळवायची फ्लॉपी नुकतीच आणली होती आणि सगळ्या मजल्याला दाखवून झाली होती.

चांगला दिवस बघून दोन्ही घरं मॉनिटरसमोर बसली. काकांची बायको विमलाबाई पेढे घेऊन आली होती. परागने दोघांच्या जन्मवेळा टाइप केल्या. कॉम्प्युटर चार मिनिटं विचार करत होता. मग प्रिंटरने छत्तीसपैकी सोळा गुण दिले आणि खाली ओळ छापली, 'विवाह योग्य नाही.' अठरा हवे होते. विमलाबाईंनी पेढ्यांच्या बॉक्सला परत रबर लावलं.

"दोनच कमी आहेत," मनोरमाबाई म्हणाल्या.

"वहिनी, दोन मार्कांनी नापास म्हणजे नापासच," काका म्हणाले. "माणसाने सांगितलं असतं तर मी ऐकलंही नसतं."

परागने कागद दोनदा वाचला. तरी त्याचं डोकं चालायचं तिकडेच चाललं. तो म्हणाला, काका, हा ३८६ आहे, जुना झाला. आता ४८६ आलाय, त्याचा प्रोसेसर फार पॉवरफुल. काकांना हे पटलं. पॉवर जास्त तर गुणही जास्त निघतील, असा त्यांनी हिशेब केला. परागलाही तो थोडासा पटला, हे विशेष.

४८६ आला. काकांनी त्याला कुंकू लावलं. जन्मवेळा घातल्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सोळा गुण आले. पूर्वी नकार मिळायला चार मिनिटं लागायची, तेवढा वेळ तरी आशा असायची. तीही गेली. तरी पराग स्पीड बघून हरखला होता आणि ते उर्मिलाने बघितलं.

मग रंगीत मॉनिटर आला. 'विवाह योग्य नाही' लाल अक्षरांत दिसलं. मग मल्टिमीडिया किट आलं, स्पीकर आले आणि पत्रिकेची सीडी आली. त्या सीडीत एक बाई होती. ती गोड आवाजात हिंदीत म्हणाली, "यह विवाह उचित नहीं है. धन्यवाद." आवाज इतका स्वच्छ होता, की खालच्या मजल्यावरचे लोक परागच्या सांत्वनाला आले.

पुढे काय यायचंय, काकांनी विचारलं. परागने पेंटियमचं नाव घेतलं. काका म्हणाले, बाबा रे, मुलीचं वय थांबत नाही. आणि त्यांनी दहिसरच्या एका दातांच्या डॉक्टरचं स्थळ आणलं. पत्रिका जुळवायला अर्थातच परागकडे. परागने स्वतःच्या हाताने उर्मिलाची आणि त्या डॉक्टरची जन्मवेळ टाइप केली. एकतीस गुण. सीडीतल्या बाईने शहनाई वाजवली. शहनाईची सोय आहे हे परागला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

दहिसरचे लोक रविवारी बघायला येणार होते. शनिवारी उर्मिलाने परागला जिन्यात गाठलं.

"तू बाबांना एक वाक्य सांग. कॉम्प्युटर चुकतो म्हणून. ते तुझंच ऐकतील."

पराग म्हणाला, सोळाचे सव्वीस करायला मला दोन मिनिटं लागतील, पण ते पाप आहे. आउटपुटमध्ये ढवळाढवळ करायची नसते.

"मी कुठे ढवळ म्हणतेय? नुसतं बोल."

"बघतो," पराग म्हणाला.

"बघ. उद्या शहनाई पण बघ," असं म्हणून ती वर निघून गेली.

रविवारी सकाळी काकांना पाहुण्यांना दाखवायला ताजा, स्वच्छ प्रिंट हवा होता. म्हणून सगळे परत परागच्या खोलीत जमले, चपला बाहेर. उर्मिला जरीच्या साडीत कीबोर्डसमोर बसली. पराग शेजारी उभा होता आणि त्याला अजून ते वाक्य येत नव्हतं. तो मनातल्या मनात सराव करत होता. 'कॉम्प्युटर' इथपर्यंत छान व्हायचं.

"बाबा," उर्मिला म्हणाली, "जाता जाता तुमची आणि आईची पण बघू का?"

काकांना कल्पना आवडली. तीस तरी निघतील, ते विमलाबाईंना म्हणाले. उर्मिलाने न बघता टाइप केलं. सीडीतली बाई म्हणाली, "नौ गुण. यह विवाह उचित नहीं है. धन्यवाद."

पंखा फिरत होता. आता कॉम्प्युटर चुकतो असं काका स्वतःच म्हणतील, असं सगळ्यांना वाटलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तरीच."

"तरीच म्हणजे?" विमलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे मला पहिल्यापासून वाटायचंच."

विमलाबाई उठल्या. आवाज त्यांनी चढवला नाही, त्या खोलीत चढवायची पद्धतच नव्हती. त्या म्हणाल्या, "नऊ गुणांवर मी तुमच्याशी संसार केला, तुमचं घोरणं ऐकलं, तुमच्या आईला सांभाळलं. माझ्या पोरीकडे तर सोळा आहेत. तिचं सोनं होईल. आणि तुम्हाला नऊ पटत असतील तर मी चालले काशीगावला, भावाकडे. दुपारचं जेवण यांच्याकडून घ्या." 'यांच्याकडून' म्हणताना त्यांनी सीपीयूकडे बोट दाखवलं.

काकांचा चेहरा उतरला. ते परागकडे वळले. "पराग, खरं सांग. हे चुकतात का रे कधी?"

विमलाबाई बघत होत्या, मनोरमाबाई बघत होत्या. उर्मिला बघत नव्हती. ती स्क्रीनकडे तोंड करून बसली होती आणि तिचा हात कीबोर्डवरून उचललेला होता. ४८६ शांतपणे घुं घुं करत होता, त्याला काही कल्पना नव्हती.

"चुकतो, काका," पराग म्हणाला.

"कितीदा?"

"बऱ्याचदा." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "काका, तो आरतीचा क्रम पण चुकला होता."

"मला वाटलंच," काका म्हणाले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते विमलाबाईंना बसा म्हणाले. नवऱ्याने अहोजाहो केलेलं ऐकून त्या खरोखर बसल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दहिसरचे लोक आले होते. समोरचं दार बंद आणि हे उघडं, म्हणून ते इकडेच वळले. काका हळूच म्हणाले, आता यांना तूच सांग बाबा, यंत्र तुझं आहे.

पराग दारात गेला. डॉक्टर पुढेच होता, हातात मिठाईचा बॉक्स. त्याने कोणाला नमस्कार करायच्या आधी परागच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

"४८६ ना? एसएक्स की डीएक्स?"

"डीएक्स टू," पराग म्हणाला आणि आपोआप दारातून बाजूला झाला. "मल्टिमीडिया किटसकट. या ना, बघा. चपला तेवढ्या..."

"पराग," मागून उर्मिला म्हणाली.

परागने दाराची चौकट धरली. समोरचा माणूस चपला काढून, हात जोडल्यासारखा उभा होता. इतक्या वर्षांत या इमारतीत असा माणूस आला नव्हता.

"आधी एक सांगतो," पराग म्हणाला. "हा चुकतो."

डॉक्टरचा विश्वास बसेना. "४८६? कुठे चुकतो?"

"एकतिसावर," पराग म्हणाला. "आणि सोळावर तर फारच."