डबी उतरेपर्यंत

चिमीने मोबाइलवरचा नकाशा बोटाने खाली ओढला, सोडला, परत ओढला, तरी ते इवलंसं विमान मेलं जागचं हलेना. दोन हजार किलोमीटर, तीन तासांचं उड्डाण, एरवी अगदी वेळेवर. पण आज समोरून असा काही वारा लागला होता की उतरायची वेळ पुढे पुढेच सरकत चाललेली. विमानाच्या पोटात शिशाची एक डबी होती, डबीत किरणोत्सारी औषध, आणि ते औषध कुणासाठी थांबत नाही. दर दोन तासांनी निम्मं होतं. डबी उघडा नाहीतर नका उघडू.

हे औषध टोचलं की शरीरात गाठ कुठे कुठे पसरलीय ते फोटोत दिव्यासारखं उजळतं. मोजायचं आणि टोचायचं, हे चिमीचं काम. बाहेर दोघं कालपासून उपाशी बसलेले. एक निवृत्त बसड्रायव्हर काका, आणि दुसरी चक्क चिमीची मामी, जिने तिला लहानाचं मोठं केलं. मामीचं ऑपरेशन सोमवारी, तेही आज फोटो निघाला तर. नाहीतर पुढची डबी पंधरा दिवसांनी, आणि तोवर ती गाठ काय काय उद्योग करून ठेवेल कुणास ठाऊक.

डॉक्टरबाईंचा फोन आला. विमान अर्धा तास उशिरा, म्हणजे हिशेब सरळ होता: दोघांना पुरणार नाही.

"काकांना आपण एकदा परत पाठवलंय," बाई म्हणाल्या. "आधी त्यांचं. मामींना तू सांगशील?"

"सांगते."

ती बाहेर गेली. तर मामीने काकांना धारेवर धरलेलं, की हात दाखवला तरी बस पार पुढे नेऊन थांबवणारे ते तुम्हीच ना. काका म्हणत होते, तेवढाच तुम्हाला व्यायाम. दोघं खुदखुदत होते. चिमी उगाच खुर्च्या सरळ करून आत आली.

डबी आली. मीटरवर आकडा पाहिला, ज्याची भीती होती तेच. औषध माणसाच्या वजनावर ठरतं, म्हणून तिने काकांचं वजन घेतलं. मग मामीला सांगायला तोंड उघडेना, म्हणून मामीलाही काट्यावर चढवलं.

फाइलमध्ये दोन महिन्यांपूर्वीचे चौऱ्याहत्तर होते. काटा एक्कावन्नवर थांबला.

चिमीने मामीला उतरवलं, काट्याला पायाने ढोसलं, परत चढवलं. एक्कावन्न. माणूस कमी तर औषधही कमी लागतं. तिने घाईघाईत बेरीज केली, पुन्हा केली. पुरत होतं. दोघांना पुरत होतं! ती बाईंना सांगायला फोनकडे धावली, नंबर लावला, आणि घंटा वाजत असतानाच तिने वळून मामीच्या त्या ढगळ स्वेटरकडे पाहिलं.

"बोल गं," पलीकडून बाई म्हणाल्या. "बोल ना."

"दोघांचं होईल," चिमी म्हणाली आणि फोन ठेवला.

"किती भरले?" मामीने विचारलं.

"एक्कावन्न."

"लग्नात होते तेवढी झाले की. आणि तुझा मामा म्हणायचा, तुला जन्मात जमणार नाही."

चिमी हसली. काट्यावरून उतरवायला तिने मामीचा दंड धरला, आणि स्वेटरसकट तिचा अंगठा आणि बोटं पलीकडे एकमेकांना टेकली.