देवाला 'अरे'

मी पाळकाची मुलगी. आमच्या घरी देवाला 'अहो' म्हणायचं, तेही मान खाली घालून. आम्हा कोरियन माणसांत एका वर्षाने मोठ्या भावालाही कुणी अरेतुरे करत नाही, मग देव तर सगळ्यांहून थोरला.

आणि मी चर्चमध्ये शिकवते त्या तरुण संघात ग्युरीने सगळ्यांसमोर डोळे मिटून म्हटलं, "अरे देवा, ऐक ना. आजी कालपासून जेवली नाहीये. तू करतोयस काय?"

पोरं खुसखुसली. चर्चच्या कारभारी मंडळातले पंच प्यन् तरातरा उठून गेले.

ग्युरी सतरा वर्षांची. मोक्पोतल्या दोन शाळांनी तिला नारळ दिला होता. पण वीस वर्षांत मी शिकवलेल्या एकाही शहाण्या मुलाला देवाशी असं बोलता आलं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी घाबरले.

"बाई, ईस्टरला बाप्तिस्मा हवाय ना तिला?" पंच म्हणाले. "मग आधी तिची जीभ सुधारा. परीक्षेत मी प्रार्थना करायला लावणार."

तीन आठवडे चर्चच्या स्वयंपाकघरात रविवारच्या जेवणाचे मुळे चिरता चिरता मी तिच्याकडून घोकून घेतलं. 'तू' निघालं की परत पहिल्यापासून. ती एकदाही उलटून बोलली नाही. मला वाटलं, पोरगी वळणावर आली.

परीक्षेत ती उभी राहिली. "हे पित्या, आपण कृपावंत आहात. आपल्या चरणी मी अपात्र..." एक शब्द चुकला नाही. पंचांनी सहीसाठी पेन काढलं. मी फुशारून तिला बाहेर घेऊन आले.

"शाब्बास! इतकं चोख कसं जमलं गं?"

"बाबांशी असंच बोलायचे. चुकलं की पट्टा निघायचा." तिने बूट ओढले. "आजीकडे पळून आल्यावर सुटलं होतं."

मी तिच्याजवळ खाली टेकले. "आणि देवाशी? एकटी असताना काय बोलतेस?"

"काही नाही. ते रागावतील."

'ते'! तीन आठवड्यांपूर्वी तो 'तो' होता. शिस्तीच्या नावाखाली मी त्या लेकराला परत त्याच घरात नेऊन सोडलं होतं.

तिचा हात धरून मी पुन्हा आत शिरले. "पंच, एक प्रार्थना राहिलीय. माझी."

डोळे मिटले. सत्तेचाळीस वर्षांची जीभ, वळेना. "अरे... अरे देवा. मी चुकले रे. हिला तुझी भीती मी घातली. तू हिच्यावर रागावू नकोस."

"बाई!" पंच ओरडले. पेनाला टोपण लागल्याचा आवाज आला. या ईस्टरचा बाप्तिस्मा गेला, आणि तो मीच घालवला. मला रडू आवरेना.

शेजारून हलकेच आवाज आला, "अरे, ऐकतोयस ना? बाई रडतायत. जरा बघ ना त्यांच्याकडे."