लोकरीच्या दोऱ्यातला दात

मित्रांनो, मी एक जुना लॅरिंगोस्कोप आहे. नाव तोंडात बसत नाही, पण माझं काम तोंडातलंच. स्टीलची मूठ, वाकडं पातं, टोकाशी इवलासा दिवा. सोलापूरच्या एका इस्पितळात भूल दिलेल्या माणसाची जीभ मी उचलून धरतो, म्हणजे श्वासनलिका दिसते आणि तिच्यात नळी घालता येते. कॅमेरावाले नवे स्कोप आले, तरी आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर हेमावती यांचा हात अजून माझ्याकडेच वळतो.

मैंदर्गीचे मेंढपाळ बिरप्पा बायकोला, म्हाळसाबाईंना, घेऊन आले. बाईंचा ताप हटत नव्हता. किडक्या दातांतले जंतू रक्तातून हृदयात शिरले होते आणि तिथली झडप कुरतडत होते. ती तातडीने बदलायची होती.

"मावशी, एखादा दात हलतो का?" हेमावतींनी विचारलं. "भूल दिल्यावर तो श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल."

"न्हाय बाई," म्हाळसाबाई पदराआडून म्हणाल्या. मिश्रीने काळे पडलेले दात त्या कायम असेच झाकत. शेजारी नवरा उभा, त्यामुळे तोंडही त्यांनी बोटभरच उघडलं.

टेबलावर हेमावतींनी भूल बेताबेताने दिली, कारण दुबळ्या हृदयाला ती एकदम सोसत नाही. मग मी आत गेलो. बघतो तर पुढचा दात शेजारच्या दाताला काळ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेला! मला माझ्या उजेडाचीच लाज वाटली. बाईंनी नवऱ्यालाही न दाखवलेलं मी सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. त्यात दोरा सुटत आलेला. पातं जरा टेकलं असतं तरी दात आत गेला असता. हेमावतींनी मला अलगद बाहेर काढलं, मास्कने श्वास दिला, चिमट्याने दात काढला आणि मगच नळी घातली.

झडप बदलली. दुसऱ्या दिवशी नळी काढली, तेव्हा पुन्हा घालावी लागलीच तर म्हणून मी उशाशीच होतो. हेमावतींनी बिरप्पांना आत बोलावून तो दात दोऱ्यासकट त्यांच्या हातावर ठेवला. आपल्याच मेंढीची लोकर त्यांनी लगेच ओळखली.

"तोंड झाक, वास मारतोय, असं मीच म्हनायचो की हिला," ते खाली मान घालून म्हणाले. "चार लोकांत बी."

म्हाळसाबाईंचा हात तोंडाकडे गेला, पण इस्पितळाच्या कपड्याला पदर कुठला? बिरप्पांनी तो हात धरला. "झाकू नगं. बोल."

"जेवला का तुमी?" त्या बसक्या आवाजात म्हणाल्या.

मित्रांनो, दात दुखला तर वेळेत दाखवा. आणि कुणाला तोंड झाकायला लावू नका. माझा दिवा तिथवर पोचतो, तोवर फार उशीर झालेला असतो.