आकाशचं बोट

मालनवहिनी हट्टाला पेटली की तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. पिशोरच्या आमच्या तलावात माशांची पिल्लं सोडायची, तर ती म्हणे, "अजून बोटाएवढी झाली नायत."

बोटाचा नियम माझाच. आदल्या वर्षी मी घाई केली, जिऱ्याएवढी पिल्लं सोडली आणि तलावातल्या मरळींनी ती फस्त केली. बोटाएवढं पिल्लू सहजासहजी त्यांच्या तोंडात मावत नाही, पळूनही जातं. त्याला बोटुकली म्हणतात ते उगाच नाही. म्हणून यंदा वहिनीनं पिल्लं काठावरच्या छोट्या तळ्यात वाढवली. रोज सकाळी पत्र्याचा डबा वाजवून पेंड टाकायची. डबा वाजला की सगळी तिच्या पायाशी गोळा.

"कुणाच्या बोटाएवढी?" मी वैतागलो.

"आकाशच्या. त्याचं बोट घरात सगळ्यात लांब. त्यानंच येऊन मोजावं, भावजी."

आकाश तिचा एकुलता एक. संभाजीनगरला कंपनीत लागला, त्याला वर्ष झालं. दर रविवारी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणतो. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. राग गेला, पण तळ्यात दाटी झाली होती, पिल्लं वर तोंड काढून धापा टाकायला लागली होती. शेवटी मीच आकाशला फोन लावला.

"काका, सुट्टी नाय ओ. बोटाचा फोटो पाठवतो."

पाठवला की पठ्ठ्यानं! पट्टीवर ठेवलेलं बोट. वहिनीनं मोबाइल हातात घेतला आणि त्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

"लई काळं पडलंय," ती म्हणाली. बराच वेळ तिनं मोबाइल परत दिला नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "सोडा आता. त्याच्या बोटाच्या बी पुढं गेलीत."

सोडली. थोडा वेळ काठाशी घुटमळली, मग खोल पाण्यात गेली. आता ती जगणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या काठावर डबा वाजला. वहिनी ओंजळीत पेंड घेऊन उभी होती. पाणी जरासुद्धा हललं नव्हतं. पेंड वाया घालवली की मी एरवी ओरडतो.

"वहिनी, ती आता येत नसतात."

"मला काय ठाव नाय व्हय, भावजी? पण एखादं आलंच, तर उपाशी कसं धाडायचं?"