गेलेसोमोने राखलेली भट्टी

या, चटईवर जरा आत सरका, तिथे कडेला ऊन लागेल. आज तुम्हाला गेलेसोमोची गोष्ट सांगतो. ज्या चर्चमध्ये पाद्री प्रवचन गातात आणि आपण ओळीमागून ओळ उचलतो, त्या चर्चची वीट न वीट त्याने पाडली आहे.

तो रुओ नदीपलीकडचा. आमच्या गावच्या एनिफाशी लग्न झालं आणि रीतीप्रमाणे बायकोच्या गावी राहायला आला. जावई कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच. तो मेला की त्याच्या आईकडची माणसं येतात, चार लोकांत उभं राहून त्याचं आयुष्य सांगतात आणि त्याला आपल्या मातीत घेऊन जातात.

एनिफाचा भाऊ सिमियोनी त्याला छेडायचा, "दाजी, गावाला विटांची घरं आणि तुम्ही कुडाच्या झोपडीत? माझ्या बहिणीने काय पाप केलंय?"

"तुझी बहीण उद्या हाकलेल मला. मग भिंती काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"चौतीस वर्षं हाकललं नाही," तुरी सोलता सोलता एनिफा आतून ओरडायची. "आता हाकलते, थांबा!"

पण विटांची एक भट्टी त्याने स्वतःसाठी राखली होती. ओढ्याकाठी, भाजून तयार. दरवर्षी पावसाआधी तिच्यावर नवं गवत शाकारायचा. नदीपलीकडे आपल्या गावी घर बांधायला होत्या त्या विटा. मामा ट्रक घेऊन येतील म्हणायचा.

मग नदीपलीकडे लढाई पेटली. लोक पोरंबाळं घेऊन आमच्याकडे धावले. गेलेसोमो महिनोन्‌महिने नदीच्या उतारावर उभा राहून प्रत्येकाचं तोंड बघत होता. त्याचं कुणीच आलं नाही. लढाई संपली तरी तो गेला नाही.

"अरे, एकदा जाऊन बघून तरी ये," मी म्हटलं.

"गेलो आणि कुणी नसलं तर, दादा? इथे बसलोय तोवर ती वाटेत आहेत."

शेवटच्या तापात त्याने माझा हात धरला. "माझी माणसं येईपर्यंत मला पुरू नका."

"नाही पुरणार," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

गुरुवारी तो गेला. ऑक्टोबर, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. सिमियोनी त्याच दुपारी सायकलवर नदीपलीकडे निघाला. आम्ही मयताजवळ गात बसलो. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी तो धुळीने माखून परत आला.

"गाव नाही," म्हणाला. "आंबे आहेत, खाली गवत. एक म्हातारी भेटली. म्हणाली, ते सगळे लढाईच्या पहिल्याच वर्षी गेले."

"गेले म्हणजे कुठे?" पाद्रींनी विचारलं.

सिमियोनीने सायकल भिंतीला टेकवली, आणि एनिफाने तोंडावर कापड ओढलं.

आता थांबणं शक्यच नव्हतं. कबर आमच्याच दफनभूमीत, कडेला खणली. त्याचं आयुष्य सांगायला आईकडचं कुणी नाही, म्हणून पाद्री मला म्हणाले, "दादा, तुम्ही उठा."

मी उठलो. मी ओळ टाकली की सगळं चर्च उचलतं, एवढा माझा आवाज. "गेलेसोमो," मी म्हटलं, "मुलगा कुणाचा, तर..." आणि थांबलो. एनिफाकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली. चौतीस वर्षांत तो नुसतं 'आई' म्हणायचा. तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. जन्म कुठल्या साली, मामा कोण, वीट पाडायला कुणी शिकवलं, काहीच ठाऊक नाही. "त्याने विटा पाडल्या," एवढंच म्हणालो. पुढे ओळ नव्हती.

विटांचं थडगं मेलेल्याच्या आईकडच्या माणसांनीच बांधायचं, अशी रीत. म्हणून मातीचा उंचवटा तेवढा राहिला. त्या वर्षी भट्टीवर गवत कुणी घातलं नाही. पावसात वरच्या, कमी भाजलेल्या विटा विरघळल्या. उरलेल्या सिमियोनीने मक्याच्या गिरणीच्या भिंतीला नेल्या.

"कुणाच्या आहेत सांगा दादा, परत ठेवतो," म्हणाला. डोळे पाण्याने भरले होते त्याचे.

त्याच्या आईचं नाव प्रभूला ठाऊक असेल. मी पुष्कळदा विचारलं. मला सांगितलं नाही.

तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा गेलेसोमोचं नाव घ्या. आणि त्याच्यानंतर, त्याच्या आईसाठी, नाव नसलं तरी थोडं थांबा.